अकरा वर्षं कोठ्यात उभी असलेली अँबेसेडर आणि कळंब ते रत्नागिरी

तान्ह्या पोळ्याच्या दिवशी आमच्या अंगणात ट्रॅक्टर उभा होता आणि त्याच्या हुकाला दोर बांधून त्याचं दुसरं टोक अँबेसेडरच्या बंपरखाली अडकवलेलं होतं. पुतण्या स्टेअरिंगवर बसलेला, काका ट्रॅक्टरवर, गावातले आठ-दहा पोट्टे मागून धक्का मारायला तयार. विचार एवढाच की तिसऱ्या गिअरमधे टाकून ओढू, चालू झाली तर झाली. तेवढ्यात चाचा आले. चाचा म्हणजे आमच्या कळंब तालुक्यातले (जि. यवतमाळ) जुने मिस्त्री, वय सत्तरच्या पुढे, बाबांच्या गाडीचं सगळं काम आधीपासून त्यांच्याकडेच. त्यांनी आल्या आल्या दोर सोडायला लावला. म्हणे, "बाबू, हे गाडी अकरा साल एका जागी उभी हाय. आतमंधी काय होऊन बसलं ते तुले मालूम हाय का? मले बी नाई मालूम. मंग ओढून कायले राहिले?"

त्यांनी बॉनेट उघडून एअर क्लीनरचा डबा काढला तर आत उंदरांनी कापूस आणि सरकी ठासून भरलेली. मूठभर नाही, अर्धा किलोच्या आसपास निघाली, मी टोपल्यात जमा केली. ट्रॅक्टरनं ओढून इंजिन फिरलं असतं तर ती सरकी कार्बोरेटरमधून सरळ आत गेली असती. हे सगळं सविस्तर लिहितोय कारण आपल्याकडं गावोगाव अशा गाड्या उभ्या आहेत, कोणाची फियाट, कोणाची जीप, आणि प्रत्येक ठिकाणी सुरुवात इंजिन चालू करण्यापासूनच होते. आमच्या प्रकरणात काय क्रम लावला, कुठं चुकलो आणि काय काम आलं ते जसं घडलं तसं सांगतो.

गाडी १९७७ ची, मार्क ३, पेट्रोल, १४८९ सीसीचं इंजिन, गिअरचं हँडल स्टेअरिंगजवळ. बाबांनी ती सेकंडहँड घेतली होती, ताईची वरात याच गाडीतून निघाली. बाबांच्या डोळ्यांचं ऑपरेशन झालं, त्यानंतर त्यांनी चालवणं सोडलं आणि मला शेती अन कृषी केंद्रातून वेळ नव्हता म्हणून ती कोठ्यात बैलांच्या शेजारी उभी राहिली ती राहिलीच. ताई आता रत्नागिरीला असते. यंदा बाबा म्हणाले की संक्रांतीनंतर ताईकडं जायचं तर याच गाडीनं जाऊ, आणि ते इतकं साधेपणानं म्हणाले की मला नाही म्हणता आलं नाही. जाऊन-येऊन सोळा-सतराशे किलोमीटर, त्यात आंबा घाट. हातात पोळ्यापासून संक्रांतीपर्यंत साडेचार महिने, तेही सोयाबीन काढणं आणि कापूस वेचणीच्या मधून जसे मिळतील तसे.

एक गोष्ट आमच्या बाजूनं होती, ती म्हणजे अँबेसेडर ही गाडी समजायला सोपी आहे. मूळची इंग्लंडची मॉरिस ऑक्सफर्ड, पश्चिम बंगालातल्या उत्तरपाड्याच्या कारखान्यात १९५०च्या दशकाच्या शेवटापासून २०१४ पर्यंत बनत राहिली, आतलं काम इतकं कमी बदललं की आजही नागपुरात शोधलं तर बहुतेक पार्ट मिळतात आणि जुन्या मिस्त्र्यांच्या हाताला ती सवयीची असते. आमच्या गाडीत तर कॉम्प्युटर नाही, सेन्सर नाही. जे बिघडतं ते डोळ्यानं दिसतं, किंवा हाताला लागतं.

पहिले थांबली पाहिजे

चाचांनी काम वाटून दिलं ते असं: आधी ब्रेक, मग स्टेअरिंग आणि चाकं, मग पाणी, मग पेट्रोल, मग वायरिंग, आणि इंजिन सगळ्यात शेवटी. पुतण्याचा चेहरा उतरला, त्याला पहिल्या रविवारी आवाज ऐकायचा होता. त्याच्या मनात पेंटचंही होतं, चांगला क्रीम कलर मारून चकाचक करून न्यायचं. मी पेंट पूर्ण रद्द केला. त्यातला एकही रुपया घाटात कामी आला नसता, आणि ब्रेकला जे काय लागलं ते त्याच पैशातून गेलं.

मागच्या डाव्या चाकाचं ड्रम, म्हणजे ज्याच्या आत ब्रेक असतो ते लोखंडी झाकण, निघेचना. रात्रभर डिझेल सोडून ठेवलं, दुसऱ्या दिवशी कडेनं लाकडाचा ठोकळा लावून हळूहळू ठोकलं, तरी नाही. शेवटी ड्रमला थोडं गरम केल्यावर सुटलं. आत व्हील सिलिंडरचा, म्हणजे ऑइलच्या दाबानं त्या चाकाचा ब्रेक लावणाऱ्या भागाचा, पिस्टन जागेवर जाम झालेला, त्यातली रबरी वाटी बाहेर काढली तर सुपारीसारखी टणक, नखानं दाबली तर दबत नव्हती. जुनं ब्रेक ऑइल बाटलीत घेतलं तर त्याचा रंग काकवीसारखा. ब्रेक ऑइल हवेतलं पाणी ओढून घेतं, झाकण बंद असलं तरी वर्षानुवर्षं थोडं थोडं ओढतच राहतं, आणि ते पाणी सिलिंडरच्या आत गंज आणतं. गरम झाल्यावर त्याच पाण्याची वाफ होते, पेडल दाबलं तर पाय सरळ फ्लोअरला टेकतो. घाटात नेमकं हेच होतं.

आमच्या गाडीत चारही चाकांना एकच मास्टर सिलिंडर (पेडल दाबलं की ऑइल ढकलणारा) आणि एकच लाइन आहे, आजच्या गाड्यांसारखे दोन वेगळे भाग नाहीत, म्हणजे एक होज (ब्रेक ऑइलची रबरी नळी) फुटला की चारही ब्रेक गेले. त्यामुळं अर्धवट काही ठेवायचं नाही असं ठरलं. सगळे व्हील सिलिंडर नवे, मास्टर सिलिंडरचं किट, मागच्या एक्सलवरची गंजलेली पाइप नवी, शूंना नवीन लायनिंग, चारही ड्रम लेथवर हलके साफ. होज मात्र मी जुनेच ठेवले, वरून चांगले दिसत होते, एकही भेग नाही. ही माझी चूक, पुढं सांगतो.

हँडब्रेकची केबल सडलेली होती, तीही नवी टाकली. ब्रेकला एकूण साडेअकरा हजार गेले, त्यात चाचांची मजुरी फार थोडी, त्यांनी जास्त घेतलीच नाही.

स्टेअरिंग आणि पुढच्या सस्पेन्शनला ग्रीसचे निपल असतात. अकरा वर्षांत आतलं ग्रीस वाळून मेणासारखं झालेलं, ग्रीस गन लावली तर दोन निपलमधून काही जाईना. ते काढून तारेनं साफ केले आणि नवं ग्रीस दुसऱ्या बाजूनं बाहेर येईपर्यंत मारलं, आधी काळं, मग तपकिरी, मग स्वच्छ. त्यानंतर स्टेअरिंग एका हातानं फिरू लागलं. पुढच्या चाकांची बेअरिंगं धुऊन, पाहून, पुन्हा भरली. मागच्या पाट्यांपैकी (स्प्रिंगच्या लोखंडी पट्ट्या) एकाचं टोक तुटलेलं होतं, ते लोहाराकडून करून घेतलं.

टायरवर नक्षी भरपूर होती म्हणून काका म्हणाले हेच चालतील. टायरच्या बाजूला चार आकडे असतात, पहिले दोन आठवड्याचे, पुढचे दोन वर्षाचे. आमच्या टायरवर २३११ होतं, म्हणजे २०११ च्या तेविसाव्या आठवड्यातले. नक्षी कितीही असो, रबर आतून सुकतं, त्यात गाडी एकाच जागी उभी राहिली की खालचा भाग चपटा होतो. स्टेपनीसकट पाचही नवे घेतले, १५ इंची.

पाणी

हा भाग मला सगळ्यात महत्त्वाचा वाटतो, कारण विदर्भातल्या उभ्या गाड्या बहुतेक इथंच मरतात. रेडिएटरला आपण बोअरचं पाणी घालतो. ते खारं असतं, क्षार भरपूर, चहाच्या भांड्याला जो पांढरा थर चढतो तोच इंजिनच्या आतल्या पाण्याच्या वाटांवर चढतो. ब्लॉकच्या बाजूला पाणी सोडायचा एक कॉक असतो, तो उघडला तर काहीच आलं नाही. चाचांनी तार घालून टोकरलं तेव्हा आधी कोरडा गाळ पडला, विटकरी रंगाचा, मग एकदम काळं पाणी. हा गाळ मागच्या सिलिंडरभोवती साचतो आणि तिथं पाणी फिरत नाही, काटा नॉर्मल दाखवतो पण इंजिन एका कोपऱ्यात तापत राहतं.

रेडिएटर काढून यवतमाळला नेला, वरची टाकी उघडून आतून रॉड फिरवून साफ केला, दोन ट्यूब गळत होत्या त्या बंद केल्या. ब्लॉक आम्ही घरीच सायट्रिक अ‍ॅसिडच्या पाण्यानं तीन वेळा धुतला, शेवटचं पाणी स्वच्छ येईपर्यंत. ब्लॉकच्या बाजूला पत्र्याच्या गोल टोप्या असतात, कोअर प्लग, त्यातली एक पेचकस लावताच आत गेली, इतकी सडली होती. सगळ्याच बदलल्या. सगळे पाइप, वॉटर पंप आणि पट्टाही नवा. थर्मोस्टॅट, म्हणजे इंजिन तापेपर्यंत पाणी अडवणारी झडप, जुन्या कोणा मिस्त्रीनं काढून टाकलेला होता, आपल्याकडं उन्हाळा पाहून तो काढायची सवयच आहे, पण आम्ही परत बसवला, कारण तो नसला की थंडीत इंजिन नीट तापत नाही आणि तेल घट्ट राहून झीज होते. पाणी म्हणाल तर कुलंटमधे डिस्टिल्ड वॉटर मिसळून. बोअरचं थेंबभरही नाही.

शेवटी इंजिन

दसऱ्याच्या आठवड्यात इंजिनला हात लावला. चारही प्लग काढून प्रत्येक सिलिंडरमधे थोडं तेल आणि थोडं डिझेल सोडलं आणि तीन दिवस तसंच ठेवलं. चौथ्या दिवशी बाबांना बोलावलं. या गाडीला पुढून हँडल घालून हातानं इंजिन फिरवायची सोय आहे. बाबांनी हँडल घातलं, आधी नुसता दाब दिला, परत सोडला, परत दिला, आणि तिसऱ्या-चौथ्या वेळेला हँडल पाव फेरा फिरलं. मग अर्धा. मग पूर्ण. अंगणात सगळे गप्प होते, प्लगच्या भोकातून हवा बाहेर पडल्याचा फुस्स असा आवाज तेवढा येत होता. बाबांच्या शर्टावर तेलाचे शिंतोडे उडाले आणि त्यांनी ते पुसले नाहीत.

जुनं तेल काढलं, सम्प (इंजिनखालची तेलाची टाकी) उघडून तळाचा गाळ साफ केला, नवं तेल, नवा फिल्टर. पॉइंटचा (ठिणगीसाठी करंट तोडणारा स्विच) गॅप १५ थाउ, प्लगचा २५ थाउ, टॅपेटचा (व्हॉल्व्ह उघडणारा भाग) १५ थाउ. थाउ म्हणजे इंचाचा हजारावा भाग, जुन्या गाड्यांचं सगळं माप यातच चालतं. मग कॉम्प्रेशन, म्हणजे प्रत्येक सिलिंडरमधे हवा किती दाबली जाते ते, पीएसआयमधे घेतलं: ११८, ११५, ९६, ११७. तिसरा कमी. काका म्हणाले हेड (इंजिनचा वरचा भाग) उघडा. चाचा म्हणाले नको, इतके दिवस व्हॉल्व्ह एका जागी बसून आहे, चालल्यावर साफ होईल, दोनशे किलोमीटरनं परत पाहू. हा निर्णय बरोबर ठरला, उगाच हेड उघडलं असतं तर महिना गेला असता.

क्लच प्लेट चिकटलेली निघाली, पेडल दाबलं तरी गिअर सुटत नव्हता. इंजिन गरम करून, क्लच दाबून ठेवून, मोकळ्या शेतात गिअरमधे सेल्फ मारला तेव्हा झटका देऊन सुटली. हे रस्त्यावर करू नये, समोर शंभर मीटर काही नसलं पाहिजे.

वायरिंग उंदरांनी जागोजागी खाल्लेलं. या गाडीत फ्यूज दोनच, म्हणजे कुठं वायर उघडी राहिली तर आग लागायचीच भीती. डॅशबोर्डखालची पूर्ण नवी टाकली. बॅटरी चार्ज करणारा डायनामो तसाच ठेवला. डायनामो कमी आरपीएमला चार्ज जवळपास करतच नाही, त्यामुळं आधीच ठरवलं की रात्री चालवायचं नाही, अंधार पडायच्या आत मुक्काम.

कागदांचं काम मधेच केलं. गाडी पंधरा वर्षांवर गेली की आरसी पाच-पाच वर्षांनी रिन्यू करावी लागते, आणि ऑगस्ट २०२५ पासून वीस वर्षांवरच्या चारचाकीला त्याची फी १०,००० झाली आहे, वर पर्यावरण कर आणि उशिराचा दंड वेगळा. पन्नास वर्षांवरच्या गाडीला व्हिंटेज म्हणून वेगळी नोंदणी मिळते, पण मग ती रोज वापरता येत नाही, आणि बाबांना ती वापरायचीच आहे. नवी नंबरप्लेट, इन्शुरन्स, पीयूसी, फास्टॅग, हे सगळं झाल्यावरच मेन रोडला काढली.

टप्प्याटप्प्यानं

इथून पुढचं काम रस्त्यावरचं. पहिले शेतापर्यंत पाच किलोमीटर, घरी येऊन सगळे नट परत टाइट. मग वीस किलोमीटर. त्या वीसमधे गाडी उजवीकडं ओढू लागली, घरी येऊन चाकांना हात लावत गेलो तर पुढचं उजवं ड्रम इतकं तापलेलं की हात ठेवता येईना, बाकीची तीन कोमट. मी न बदललेला होज. वरून धडधाकट, पण आतून रबर फुगून वाट बारीक झालेली. पाय दाबला की जोरानं ऑइल जातं, पाय सोडला की परत यायला वाट नाही, मग ब्रेक लागलेलाच राहतो. चाचांनी होज कापून दाखवला, आत सुई जाईल एवढीच जागा. तिन्ही होज त्याच दिवशी बदलले. ज्यांची गाडी पाच-सात वर्षं उभी आहे त्यांनी होज पाहत बसू नये, सरळ बदलावेत.

मग साठ, यवतमाळ जाऊन-येऊन. ठीक. मग वर्धा जाऊन-येऊन, आणि खरा घोळ तिथं झाला. देवळीच्या अलीकडं साठच्या स्पीडला गाडी अडखळायला लागली आणि बंद पडली. दहा मिनिटं थांबलो, चालू झाली, आठ-दहा किलोमीटर गेली, परत बंद. मला वाटलं करंटचा प्रश्न, कंडेन्सर बदलला. परत तेच. मग कॉइल बदलली, परत तेच. असंच रडतखडत घरी आलो. फोनवर सांगितलं तर चाचांनी एकच विचारलं, "बंद पडली तवा कार्बोरेटरात पेट्रोल होतं का?" मी पाहिलंच नव्हतं. दुसऱ्या दिवशी मुद्दाम तशीच चालवली, बंद पडल्या पडल्या कार्बोरेटरचं वरचं झाकण उघडलं, तर वाटी कोरडी. म्हणजे करंटचा प्रश्नच नव्हता.

टाकीत सुरुवातीला मी नुसतं पेट्रोल घालून हलवलं होतं, निघालेलं पेट्रोल स्वच्छ दिसलं म्हणून समाधान मानलं. पण आतल्या भिंतीवर जुना राळेसारखा थर आणि गंज होताच. आता पंपावर मिळतं ते ई२० पेट्रोल, वीस टक्के इथेनॉल, ते असा थर सोडवतं. सुटलेले पापुद्रे पेट्रोल ओढायच्या नळीच्या तोंडावर जाऊन बसायचे, इंजिन बंद झालं की ओढ थांबते, पापुद्रे खाली पडतात, म्हणून दहा मिनिटांनी गाडी परत चालू. टाकी खाली उतरवली, आत बारीक गिट्टी आणि साबणाचं पाणी घालून दोघांनी दोन बाजूंनी धरून अर्धा तास हलवली, तांबडं पाणी निघालं, असं पाच वेळा. मग वाळवून गंजावरचं अ‍ॅसिड, परत धुणं, परत वाळवणं. टाकीला वेल्डिंग कोणी सुचवलं तर ऐकू नका, रिकाम्या टाकीतली वाफ भरलेल्या टाकीपेक्षा वाईट पेटते. इथेनॉल जुनं रबरही फुगवतं, म्हणून पेट्रोलचे सगळे पाइप आणि पंपाचा डायफ्रॅम ई२० ला चालणारे घेतले, आणि पंपाच्या आधी एक पारदर्शक फिल्टर लावला म्हणजे कचरा डोळ्याला दिसतो.

त्यानंतर दोनशे किलोमीटर न थांबता झाले. तिसऱ्या सिलिंडरचं कॉम्प्रेशन ९६ वरून १०९. शेवटची परीक्षा करळगाव घाटात, तीन वेळा चढवून उतरवली, दर वेळी खाली येऊन ड्रमवर पाण्याचे थेंब टाकून पाहिले, चारही सारखे तापतात का.

रस्ता

समृद्धी महामार्गाचं मनातही आणलं नाही. तिथं गाड्या १२० नं जातात, तासन्‌तास एका वेगानं काँक्रीटवर चालवणं या गाडीच्या स्वभावात नाही, आणि आपल्याला जायचं ती दिशाही ती नाही. कळंबवरून यवतमाळ, आर्णी, उमरखेड, नांदेड, लातूर, तुळजापूर, सोलापूर, मंगळवेढा, सांगोला, मिरज, कोल्हापूर, आणि आंबा घाटानं रत्नागिरी, असा रस्ता. चारपदरी भरपूर, मधे गावं, मिस्त्री, पंप सगळं हाताशी. स्पीड पंचावन्न ते साठ. सोबत पट्टा, पॉइंट, कंडेन्सर, रोटर, पंपाचं किट, पाण्याचे पाइप, ब्रेक ऑइल, दोन फ्यूज, दहा लिटर साधं पाणी, आणि चाकाखाली लावायला सागवानी ठोकळा.

पहिला मुक्काम लातूर, दुसरा कोल्हापूर. दर दीडशे किलोमीटरला थांबून चाकांना हात लावणं, तेल पाहणं, फिल्टर पाहणं. लातूरच्या आत ट्रॅफिकमधे एकदा पेट्रोल तापून वाफ झाली आणि गाडी बंद पडली, ओला फडका पंपावर आणि पाइपवर टाकून पंधरा मिनिटं थांबलो, निघाली. फिल्टरमधे सोलापूरपर्यंत चिमूटभर तांबडं दिसलं, त्यानंतर वाढलं नाही.

आंबा घाट उतरायच्या आधी वर थांबून गाडी पूर्ण थंड होऊ दिली. उतरताना दुसरा गिअर, कुठंकुठं पहिला, ब्रेक फक्त वळणाच्या आधी आणि लगेच सोडायचा. पहिल्या गिअरला सिंक्रो (गिअर आपोआप जुळवून घेणारी सोय) नाही, म्हणून चालत्या गाडीत तो टाकायचा तर क्लच दोनदा मारून मधे थोडी रेस द्यावी लागते. बाबा बाजूला बसून इंजिनचा आवाज ऐकत होते आणि मी रेस द्यायच्या क्षणभर आधी त्यांचा उजवा पाय फ्लोअरवर दबायचा. साखरप्याला उतरल्यावर चारही ड्रम पाहिले, गरम, पण सारखे गरम. ताई दारात उभी होती तेव्हा संध्याकाळचे सव्वापाच वाजलेले.

परत आल्यावर चाचांनी मोजमाप घेतलं. टॅपेट मुद्दाम पाहिले, कारण १९७७ चं हे हेड शिशाच्या पेट्रोलवर चालायला बनलेलं, आपल्याकडं शिसं २००० साली बंद झालं, आणि शिसं नसलं की एक्झॉस्ट व्हॉल्व्हची सीट हळूहळू आत जाते, गॅप कमी होत जातो. सतराशे किलोमीटरमधे तीन एक्झॉस्टचा गॅप होता तेवढाच, चौथ्याचा १५ वरून १३ थाउ. तो सेट केला, वहीत तारीख टाकली, दर हजार किलोमीटरला पाहायचा. असाच कमी होत गेला तर हेड उतरवून कडक सीट बसवाव्या लागतील. तिसऱ्या सिलिंडरचं कॉम्प्रेशन ११३. मागच्या डाव्या व्हील सिलिंडरला बारीक ओल दिसली, ज्याचा ड्रम निघत नव्हता तोच. नवं सिलिंडर सांगून ठेवलंय, तोपर्यंत गाडी कोठ्यातून काढून ओसरीला लावली आहे, आणि दर रविवारी बाबा बाजूला बसतात आणि आम्ही शेतापर्यंत जाऊन येतो.